जपानवाले जावई

काशी करून आलेल्या माणसाचं पूर्वी एक बरं होतं. तो मावंदं घालायचा, गंगेचं पाणी वाटायचा आणि विषय संपवायचा. जपान करून आलेल्या जावयाचा विषय संपत नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत तो पुण्याहून सहकुटुंब निघतो, समृद्धी महामार्गावरून विरूळला उतरतो आणि रोहण्यात सासऱ्याच्या अंगणात गाडीचं दार उघडण्याआधी घड्याळ बघतो. "अकरा अठ्ठेचाळीस. तीन मिनिटं लेट." सासूबाई भाकरतुकडा ओवाळायला उभ्या असतात. त्यांना वाटतं, गाडीत कोणाचं काही बिनसलंय.

अमेरिकेचा जावई वेगळा. तो पाणी उकळून मागायचा आणि दुसऱ्या दिवशी नागपूरला हॉटेलात जायचा. त्याचा त्रास दीड दिवसाचा. जपानचा जावई कशालाच नावं ठेवत नाही, नम्रपणे सुधारणा सुचवतो. पहिल्याच संध्याकाळी त्याने ओसरीवरच्या सगळ्या चपला टाचा घराकडे करून ओळीत लावल्या. सासरे रात्री लघवीला उठले, तेव्हा अंधारात स्वतःची चप्पल न सापडून जावयाच्याच बुटात गेले.

पण त्याचा खरा प्रांत म्हणजे लेकरांना घेऊन केलेला प्रवास. "टोकियो सगळेच करतात," असं म्हणून तो मिए नावाच्या जिल्ह्यावर येतो. नागोयापर्यंत शिन्कान्सेन, तिथून कुवाना, मग भाड्याची गाडी आणि इसेचं देऊळ. या सगळ्याचा तक्ता त्याच्या लॅपटॉपवर आहे. त्यात चार रकाने: रेल्वे, गाडी, खाणं आणि सू. चौथा रकाना सगळ्यात भरगच्च आहे. तिकडे हमरस्त्यांच्या कडेला 'मिची-नो-एकी' म्हणून थांबे असतात, तिथे स्वच्छ संडास आणि आसपासच्या शेतकऱ्यांचा भाजीपाला एकाच ठिकाणी, हे तो इतक्या भक्तिभावाने सांगतो की इसेच्या देवळाला एवढा वेळ मिळत नाही.

तिकिटाचा किस्सा मात्र ऐकण्यासारखा. आपल्याकडे धाकट्याला तिकीट पडू नये म्हणून त्याचं वय साडेचारवर थोपवून धरलेलं. पोरगंही तयार झालेलं. कंडक्टर दिसला की आपोआप अंगठा तोंडात. जपानात सहा वर्षांखालच्या लेकराला मोठ्यांबरोबर तिकीटच नाही, सहा ते अकराला अर्धं. म्हणजे खरं वय सांगूनही फुकट! जावईबुवा हे सांगताना किंचित हिरमुसतात. एवढी मेहनत घेऊन कमावलेली विद्या परदेशात वाया गेली.

गाडीचं तसंच. पुण्याच्या आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून नेला होता. रस्त्याची डावी बाजू, स्टिअरिंग उजवीकडे, सगळं घरच्यासारखं. फक्त इंडिकेटरचा दांडा उलट्या बाजूला. त्यामुळे पहिला दिवसभर प्रत्येक वळणावर लख्ख उन्हात वायपर चालू. मागे सहाखालच्या लेकराला वेगळी खुर्ची कायद्यानेच सक्तीची, तीत धाकटा जखडलेला आणि रडत. हे मला ताईकडून, म्हणजे त्याच्या बायकोकडून, कळलं. तक्त्यात त्याला रकाना नाही. खाण्याच्या रकान्यातली गंमतही तिचीच. शाकाहारी म्हणून मागवलेल्या रश्शात माशाचं पाणी निघालं, तेव्हा चार दिवस भात आणि रोहण्याहून नेलेली जवसाची चटणी यांवर संसार चालला.

या माणसाला मी हसतो, पण एका गोष्टीसाठी त्याला शंभर गुन्हे माफ. कुवानाला लेकरं नागाशिमाच्या पाळण्यांकडे ओढत होती, आणि हा त्यांना घेऊन शेजारच्या निशी-कुवानाला एका बारक्या गाडीत बसायला गेला. होकुसेई मार्ग, 20.4 किलोमीटर, सुरुवात 1914 ची. रुळांमधलं अंतर 762 मिलिमीटर. डबा इतका अरुंद की समोरच्या माणसाच्या गुडघ्याची ओळख व्हावी. हे 762 ऐकून रोहण्यातल्या कोणाही साठीच्या माणसाचे कान टवकारले पाहिजेत. आपली पुलगाव-आर्वी गाडी तेवढ्याच रुळांची होती! इंग्रजी कंपनीने कापूस ओढायला टाकलेली, 1917 ची, 35 किलोमीटरची. विरूळ, रोहणा करत आर्वीला टेकणारी. म्हणजे जपानची गाडी तिची तीन वर्षांनी थोरली बहीणच. ती अजून नांदते आहे, धाकटी कधीच गेली.

जावयाने गावच्या पारावर फोनवर त्या जपानी गाडीचा व्हिडिओ लावला, तेव्हा पहिल्यांदा कोणी उठून गेलं नाही. चालकाच्या केबिनमध्ये पांढरे हातमोजे घातलेला माणूस सिग्नलकडे बोट दाखवून मोठ्याने काहीतरी म्हणत होता.

"हा एकटाच कोनाशी बोलून राह्यला जी?" एका आजोबांनी विचारलं.

जावयाने समजावलं की बघितलेलं बोटाने दाखवून तोंडाने बोललं म्हणजे चूक होत नाही, ती तिथली पद्धत आहे. आजोबा म्हणाले, "आमच्या गाडीचा डायवर बी बोले. पन तो शेतातल्या मानसाशी बोले. गाडी थांबवून."

मग दुसऱ्याने मूळ प्रश्न काढला. "तेथची चालू हाये, मंग आपली काऊन बंद पडली?"

जावयाने सांगितलं, तीही बंदच पडणार होती. मोठ्या कंपनीने अंग काढून घेतलं, तेव्हा आसपासच्या गावांनी पैशाचा भार उचलला आणि 2003 मध्ये दुसऱ्या छोट्या कंपनीने ती चालवायला घेतली. गावांनी पैसे घातले, हे ऐकल्यावर मात्र दोघे-तिघे उठले. वर्गणीचा विषय निघाला की आमच्या पारावर असंच होतं.

दुसऱ्या दिवशी लेकरांना कौंडण्यपूर दाखवायचं ठरलं, रुक्मिणीचं माहेर. गाडी दारात उभी असताना जावयाने आर्वीपर्यंत बसनेच जायचं फर्मान काढलं. लेकरांना 'लोकल ट्रान्सपोर्ट'चा अनुभव हवा. सासूबाईंची पापडांची पिशवी त्याने टेपने मोजली. शिन्कान्सेनमध्ये लांबी-रुंदी-उंची मिळून 160 सेंटिमीटरच्या वर सामान असेल तर जागा आधी राखावी लागते म्हणे. पिशवी पास झाली. पापड कौंडण्यपूरला कशाला, हे कोणी विचारलं नाही. विदर्भात पिशवीशिवाय बाई घराबाहेर पडत नाही.

थांब्यावर लेकरं खुशीत होती. येणाऱ्या बैलगाडीला, म्हशीला, डबक्याला त्या जपानी चालकासारखं बोट दाखवून "योशी! योशी!" ओरडत होती. जावई घड्याळ बघत होते. नऊ सात झाले, नऊ सतरा झाले, नऊ एकतीस झाले. बस आली, तेव्हा सगळ्यांच्या आधी तेच चढले आणि कंडक्टरला अदबीने म्हणाले, "चोवीस मिनिटं उशीर झालाय. जपानात अशा वेळी रेल्वे उशिराचा दाखला देते. आपल्याकडे मिळेल का?"

कंडक्टरने तिकिटाचं यंत्र काखेत धरून त्यांच्याकडे नीट पाहिलं.

"दाखला आर्वीले तहसीलीत भेटते जी. बसा, आपली गाडी तिकडंच चालली."