आंघोळ पुढे, गुडघे मागे

आखाती विमान कंपन्यांची चढाओढ पाहिली की वाटतं, विमान उडवणं हा यांचा जोडधंदा असावा. एमिरेट्सनं २००८ मध्ये ए-३८० च्या पहिल्या वर्गात शॉवर आणला. पाणी माणशी पाच मिनिटं. (दुष्काळातला टँकरवालाही इतका काटेकोर नसतो.) मग अबू धाबीची एतिहाद कशी मागे राहील? २०१४ मध्ये तिनं एका-दोघांसाठी दिवाणखाना, शयनगृह, न्हाणीघर आणि दिमतीला बटलर असा अख्खा ब्लॉकच हवेत नेला. २०१७ मध्ये कतार एअरवेजनं बिझनेस क्लासच्या आसनांना सरकती दारं लावली. थोडक्यात, विमानातल्या या मेजवानीत पंगती दोनच: पुढे तुपाची आणि मागे ताकाची.

पडद्यामागे, आम्हा पामरांच्या भागातही स्पर्धा आहेच, फक्त उलट्या दिशेनं. बोइंग ७७७ मध्ये आडव्या रांगेत नऊ खुर्च्या असत, त्या बऱ्याच कंपन्यांनी दहा केल्या. विमान रुंद झालं नाही, खुर्च्या आणि बोळ अरुंद झाले. त्यातल्या त्यात सिंगापूर एअरलाइन्स सरळमार्गी म्हणायची: न्यूयॉर्कजवळच्या नेवार्कपर्यंतची सुमारे १९ तासांची थेट सेवा २०१८ मध्ये पुन्हा सुरू करताना तिनं इकॉनॉमी वर्ग ठेवलाच नाही.