न्यूट्रल, नाना आणि यू-पिन

नाही हो वहिनी, कोण म्हणालं जळाला? चालू झाला कॉम्प्युटर, काल रात्रीच. थांबा, एवढी चादर तारेवर टाकते आणि येते भिंतीपाशी. हं. तुम्हाला सांगितलं कुणी? नानांनीच ना? वाटलंच मला.

त्या दिवशी तुमच्याकडे दिवे मिणमिणले, पंखे रखडले, हो ना? आणि आमच्याकडे दिवाळी! हॉलमधला दिवा असा लख्ख झाला की हे पेपरातून मान वर करून म्हणतात, आज लाईट बरी आहे. बरी कसली! पंखा गरगरायला लागला, स्वयंपाकघरातला बल्ब फटकन गेला आणि कॉम्प्युटरच्या टेबलाखाली आवाज झाला, फाट्! मग तो वास. आमच्या घरात कधी मासळी शिजली नाही, पण वास अगदी जळक्या मासळीचा.

एकाच गल्लीत तुमच्याकडे अंधार आणि आमच्याकडे झगझगाट, हे कसं? वायरमन सांगून गेला. डीपीवरचा न्यूट्रलचा जोड सैल होऊन जळाला होता. आपल्या गल्लीत तीन फेज येतात, घरं त्यांच्यावर वाटून दिलेली. एक फेज आणि न्यूट्रल धरला तर २३० व्होल्ट, पण दोन फेजच्या मध्ये ४०० च्या घरात. न्यूट्रल तुटला की ते ४०० घराघरांत वाटले जातात, आणि वाटणी उफराटी. ज्या फेजवर लोड जास्त तिथे दाब उतरतो, जिथे लोड कमी तिथे चढतो. तुमच्याकडे पाहुणे, गिझर चालू, इस्त्री चालू, पलीकडे त्यांचा एसी. तुमची फेज सुखरूप. आमच्या फेजवर सगळे मेले एक दिवा, एक पंखा लावून वीज वाचवणारे. आमच्या माथी तीनशेच्या वर! काटकसरीचं बक्षीस म्हणायचं हे. तुम्हाला नाही हो बोलत, तुमच्या एकट्या गिझरनं काय होणार.

यांचं आपलं एकच, एमसीबी का नाही पडला? अहो, तो करंट किती जातोय ते बघतो, दाब किती चढला ते त्याच्या गावीही नसतं. आणि तो स्पाईक बस्टरचा बोर्ड, मोठ्या विश्वासानं आणलेला! तो क्षणभराच्या झटक्यासाठी असतो. दाब मिनिटभर चढलेलाच राहिला तर आतलं ते नाण्याएवढं चकतीसारखं असतं ना, ते जळून जातं. वरचा लाल दिवा मात्र लागलेला. यूपीएस होता, पण बॅटरी संपली म्हणून माळ्यावर.

दुसऱ्या दिवशी दुकानात नेला. त्या पोरानं झाकणसुद्धा उघडलं नाही हो! बटण दोनदा दाबलं आणि म्हणाला, काका, मदरबोर्ड गेला, हा आता मिळत नाही, नवाच सेट घ्या. यांचा चेहरा उतरला. कारण पैशापेक्षा आत सोसायटीचा सगळा हिशोब. वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची, थकबाकीची यादी त्यातच. आणि नाना त्या दिवसापासून काय खुशीत! एरवी फाटकातून वळून बघायचे नाहीत, आता रोज विचारपूस. ‘काय, जळालं का हो सगळं? अरेरे. मग यंदा मागच्या वर्षीचे आकडे कुठून आणणार?’ अरेरे म्हणताना हसू दाबताना पाहिलंय मी.

शेवटी भाच्याला बोलावलं. आल्या आल्या चहासुद्धा नको म्हणाला. आधी भिंतीतल्या सॉकेटला टेबललॅम्प लावून बघितला, मग केबल बदलली. मग प्लग काढून बटण अर्धा मिनिट दाबून धरलं, आतला उरलासुरला चार्ज जाऊ दे म्हणाला. कधी कधी तेवढ्यानंच सुरू होतो म्हणे. नाही झाला. मग झाकण काढलं. मदरबोर्डवरचे ते छोटे डबे, कपॅसिटर, वरून सपाट होते. फुगले असते तर काळजी होती. पण बोर्डवर एक बारीकसा दिवा असतो, प्लग लावला की कॉम्प्युटर बंद असला तरी तेवत राहणारा. तो मेलेला. म्हणजे, मामी, एसएमपीएसमधून, वीज पुरवणाऱ्या या डब्यातून, साधे पाच व्होल्टही येत नाहीयेत, म्हणाला.

मग माझ्या अंबाड्यातली यू-पिन मागितली! खरंच सांगते. प्लग पुन्हा काढला, एसएमपीएसचा तो रुंद चोवीस पिनांचा जोड बोर्डावरून सोडवला, आणि हिरवी वायर नि शेजारची काळी वायर यांच्या भोकांत पिन खोचली. आता लाईट लावली की याचा पंखा फिरायला हवा. फिरला नाही. संपलं. गेला तो डबाच. यांनी लगेच स्क्रूड्रायव्हर उचलला, आत काय जळालंय बघू म्हणून. भाच्यानं हातातून काढून घेतला. प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरात ३०० च्या वर व्होल्ट साठलेले असू शकतात, मामा, हे आपलं काम नाही.

माळ्यावरच्या जुन्या कॉम्प्युटरचा एसएमपीएस काढून जोडला. पण हार्ड डिस्क नाही हं लावली लगेच. आधी नुसता बोर्ड आणि एक रॅम, म्हणजे काही उलटंसुलटं झालंच तर हिशोब तरी वाचेल. पोरगं शहाणं आहे, लग्नाचं बघा कुठे असेल तर. तर बटण दाबलं, पंखा फिरला, टुक् करून आवाज आला आणि पडदा उजळला. मग डिस्क लावली. टॅली उघडलं, सगळं जिथल्या तिथे. अख्खा सेट बदलायला निघाला होता तो दुकानवाला!

आता शनिवारी हे लोकलनं पुण्याला जातील, तपकीर गल्लीतून नवा एसएमपीएस आणायला. स्वस्तातला घेऊ नका म्हणून बजावलंय भाच्यानं. डब्यावर वॅट भरमसाट छापलेले असतात, हातात घ्यावा तर वजनच नाही. आणि वायरमनकडून मेन बोर्डात दाब चढला-उतरला की लाईट तोडणारं यंत्रही बसवून घेतोय. तुम्हीही घ्या बसवून. पुढच्या खेपेला पाहुणे आमच्याकडे असायचे आणि दिवाळी तुमच्याकडे.

यादी? छापली की, आज सकाळीच नोटीस बोर्डावर लागली. पहिलं नाव कुणाचं ते मी नाही बाई सांगायची. पण मघाशी कुणीतरी तिथे चष्मा कपाळावर चढवून बराच वेळ उभं होतं, आणि आज फाटकाशी कॉम्प्युटरची चौकशी काही झाली नाही.