टायरवर बोलावे कसे

शर्यत रविवारी संध्याकाळी संपते. तिची चिरफाड मात्र सोमवारी सकाळी करायची असते, हिमायतनगर-किनवट रस्त्यावरच्या पंक्चरच्या दुकानात, बाकड्यावर बसून. इस्लापुरात फॉर्म्युला वनचे चाहते त्या बाकड्यावर मावतील इतकेच आहेत, त्यामुळे शिस्त राखणे सोपे जाते.

आपला संघ हरला तर चालकाला दोष देऊ नये, टायरला द्यावा. चालकाची बाजू घेणारा कोणीतरी शेजारीच बसलेला असतो. टायरला वाली नसतो. अडचण एकच. २०११पासून सगळ्या गाड्यांना टायर पुरवते ती एकच कंपनी, पिरेली. म्हणजे 'त्यांना टायर चांगले मिळाले' असे म्हणायची सोय नाही. तिथे 'आपल्या पोरांना टायर सांभाळता आले नाहीत' असे हळहळत म्हणावे. सांभाळायचे म्हणजे नेमके काय करायचे, हे आजवर कोणी विचारलेले नाही.

रंग पाठ असावेत. पांढरा पट्टा कडक, पिवळा मध्यम, तांबडा मऊ. पावसाचे हिरवे आणि निळे. मऊ टायर रस्ता घट्ट धरतो आणि लवकर झिजतो, कडकाचे उलट. कोरड्या शर्यतीत दोन प्रकार तरी वापरावेच लागतात. एवढ्या भांडवलावर चार वर्षे बोलता येते. 'अंडरकट' हा शब्द पहिल्या चहाआधी काढू नये. पुढच्या गाडीच्या आधी टायर बदलायचे, नव्या टायरवर एकदोन फेऱ्या जोरात मारायच्या आणि ती गाडी टायर बदलून बाहेर येईपर्यंत तिच्या पुढे जाऊन बसायचे, असा तो डाव. समजावताना किनवटच्या काळीपिवळीचे उदाहरण देऊ नये. आधी चहा उरकला म्हणून जीपचे टायर नवे होत नाहीत, हे दुकानाचे मालक, म्हणजे मामू, ट्यूब पाण्यात बुडवता बुडवता दाखवून देतात.

मामूंपासून सावध राहावे. त्यांना शर्यत ठाऊक नाही, टायर ठाऊक आहे. 'घसारा जास्त झाला' असे आपण म्हणताच ते विचारतात, "कुणी हात लावून पाहिलाव का टायरला?"

अशा वेळी इतिहासात शिरावे. १९ जून २००५, इंडियानापोलिस. नारायण कार्तिकेयन चौथा आला आणि फॉर्म्युला वनमध्ये गुण मिळवणारा पहिला भारतीय ठरला. इथे थांबावे, मान डोलू द्यावी. पुढचे आपणहून सांगू नये. त्या वेळी टायरच्या कंपन्या दोन होत्या. तेराव्या वळणाचा उतार मिशेलिनच्या टायरांना सोसेना. सरावात राल्फ शूमाखरची गाडी तिथेच आपटली होती. वेग कमी करायला तिथे आडवळण घाला, ही मागणी मान्य झाली नाही. मग मिशेलिनवाल्या चौदाही गाड्या सुरुवातीच्या संथ फेरीनंतर सरळ आत वळल्या आणि शर्यत धावल्या त्या ब्रिजस्टोनवाल्या सहाच. कोणी खोलात शिरून 'सहात चौथा?' असे विचारलेच, तर 'टायर योग्य निवडले होते' असे उत्तर द्यावे. ते खोटेही नाही.

इस्लापुरासाठी खरी मोलाची शर्यत २०१३ची, ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवरची. पिरेलीने सुचवले होते की मऊ टायर १५ फेऱ्यांच्या वर आणि मध्यम ३५च्या वर चालवू नये. शर्यत ६० फेऱ्यांची. १५ अधिक ३५, झाल्या ५०. म्हणजे एकदाच टायर बदलणाऱ्याला कंपनीचे म्हणणे धाब्यावर बसवण्यावाचून गत्यंतर नव्हते. सेबास्टियन व्हेटेलने दुसऱ्याच फेरीनंतर मऊ टायर काढून टाकले, पुढे आणखी एकदा बदलले, आणि शर्यतीसह चौथे विश्वविजेतेपद नेले. पण आपला माणूस तो नव्हे. आपला माणूस रोमँ ग्रोजाँ. सतराव्या जागेवरून निघाला, एकदाच थांबला, तिसरा आला. हे ऐकल्यावर मामूंनी पहिल्यांदा हातातली कानस खाली ठेवली. "कंपनी लिहितीच," ते म्हणाले. "तार दिसंपर्यंत चालतंय." कापसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या रिमोल्ड टायरांवर ओढणाऱ्या गावात हे मत तज्ज्ञाचेच धरावे.

उत्साहाच्या भरात मी मग हॅमिल्टनची गोष्टही सांगितली: २ ऑगस्ट २०२०, सिल्व्हरस्टोन, शेवटच्या फेरीत पुढचा डावा टायर गेला, तरी गडी तीन टायरांवर पहिला आला. "रिम गेली आसंल," एवढेच मामू म्हणाले.

एक गोष्ट मात्र मुळीच सांगू नये. मी ती सांगून बसलो. शर्यत झाली की वापरलेले टायर पिरेली परत नेते आणि मोडीत काढते. ना रिमोल्ड, ना ठिगळ. मामू बराच वेळ गप्प राहिले. मग विचारले, "बैलगाडीला बसतील का?"

मी म्हटले, रिम अठरा इंची, आणि मागचा टायर जवळजवळ हातभर रुंद. बाकड्यावरच्या एकाने हरकत घेतली की एवढा रुंद टायर चाकोरीत मावणार नाही, बैल ओढून मरतील. दुसरा म्हणाला, मागचे सोडा, पुढचे बघा. रविवारी कोण जिंकले होते, हे त्यानंतर कोणी काढले नाही. अठराची रिम किनवटला मिळेल की नांदेडहून आणावी लागेल, यावर दुपारपर्यंत वाद चालला.