चांगला रायडर होता

वैकुंठ स्मशानभूमीत आम्ही एकेचाळीस मोटारसायकली घेऊन गेलो. अ‍ॅडमिनचा निरोप होता: काळा टी-शर्ट, उजव्या आरशाला काळी फीत, आणि त्याला आत नेताना सगळ्यांनी एकदम रेस द्यायची. भावाला शेवटची सलामी. दिली. एकेचाळीस सायलेन्सर एकदम फुटले. झाडांवरचे कावळे उडाले, गुरुजींचा मंत्र तोंडातच राहिला आणि त्याच्या आईनं दोन्ही कानांवर हात ठेवले. व्हिडिओ टाकताना आईचा भाग कापला. बाकी व्हिडिओ फार सुंदर झालाय असं सगळे म्हणाले.

या ग्रुपातला काका म्हणजे मी. वय चौपन्न, गाडी जुनी येझदी. टू-स्ट्रोकचा धूर कुणाच्या नाकात जाऊ नये म्हणून मला सगळ्यांच्या मागे ठेवतात, आणि वाईट वाटू नये म्हणून त्या जागेला ‘स्वीप’ म्हणतात. मागे कुणी पडला, पंक्चर झाला, चेन तुटली तर थांबायचं, एवढंच स्वीपचं काम. त्यामुळे अपघात झाला तिथं मी सगळ्यांत शेवटी पोचलो.

रविवार होता. पहाटे पाचला चांदणी चौक, पिरंगुट, पौडला मिसळ, पुढं मुळशीच्या पाण्याकडेनं ताम्हिणी. पुण्यात याला ब्रेकफास्ट राइड म्हणतात. घरी पोहे मिळत नाहीत अशातली गोष्ट नाही, पण पन्नास किलोमीटरवर जाऊन खाल्ले की ते फोटोत नीट येतात. निघताना ब्रीफिंग झालं. एका फळीत चला, घाटात ओव्हरटेक नको, मस्ती नको. ब्रीफिंग आमच्याकडे दर रविवारी होतं, अगदी सत्यनारायणाच्या कथेसारखं. सगळे हात जोडून उभे असतात आणि प्रत्येकाचं लक्ष प्रसादाकडे.

तो होता एकतीस वर्षांचा. हेल्मेट महागातलं, जॅकेटला खांद्या-कोपराला कवच, हातमोजे, घोट्याच्या वर येणारे बूट. हे मुद्दाम सांगतोय, कारण या गावात अपघात म्हटलं की चर्चा हेल्मेटवर येते आणि हेल्मेटवर आली की तिथंच मुक्काम करते. 2019 च्या जानेवारीत सक्ती झाली तेव्हा इथले लोक डोक्यावर पुणेरी पगडी चढवून मोर्चाला गेले होते. आम्ही त्यांना हसलो. हसण्यासारखंच होतं. केंद्राच्या अहवालाप्रमाणे 2022 साली देशात रस्त्यावर 1,68,491 माणसं मेली. त्यांतली 74,897 दुचाकीवरची, आणि हेल्मेट नसलेली 50,029. म्हणजे दुचाकीवर मेलेल्या दर तिघांत दोघं बोडक्या डोक्यानं गेली. आम्ही त्या दोघांवर भाषणं देतो, कोपऱ्या-कोपऱ्यावर फलक धरून उभे राहतो. तिसऱ्याबद्दल कुणी बोलत नाही. तो तिसरा आमच्यातलाच होता.

डावं वळण होतं. डावं वळण वेगात घेतलं की गाडी उजवीकडे फाकते, हे येझदीवाल्यालाही कळतं. त्यानं वळणाच्या तोंडाशी एक मोटार ओलांडली, परत डावीकडे यायला जागा उरली नाही, लाइन सुटली आणि तो समोरून येणाऱ्या टेम्पोवर गेला. टेम्पो स्वतःच्या बाजूनं येत होता. माणगावकडचा टेम्पो, भाजीचे रिकामे क्रेट घेऊन चढत होता.

हे मी पाहिलेलं नाही. मी पोचलो तेव्हा टेम्पोवाला रस्त्याकडेच्या दगडावर बसला होता. शर्ट गळ्यापासून पोटापर्यंत फाटलेला, ओठ सुजलेला, हातात पाण्याची बाटली, तीही बंदच. आजूबाजूला क्रेट विखुरलेले. मला वाटलं धडकेत पडले असतील. नंतर कळलं, ते त्यानंच खाली फेकले होते. घाटात मोबाइलला रेंज नव्हती, 108 ला फोन लागत नव्हता, म्हणून जखमीला आडवं ठेवायला हौदा रिकामा करत होता. तेवढ्यात आमचे पुढचे चौघे परत फिरून आले. त्यांना वाटलं, पळतोय. मग त्यांनी त्याला आमच्या पद्धतीनं थांबवलं.

शेवटी त्याच टेम्पोतून आमच्या माणसाला खाली नेलं. चालवायला आमचा एक जण बसला. मालकाला मागे बसवलं, जखमीचं डोकं धरायला. पोचेपर्यंत खेळ संपला होता.

संध्याकाळपर्यंत श्रद्धांजल्या सुरू झाल्या. राइड ऑन ब्रदर. स्वर्गातले घाट तुझी वाट पाहतायत. रस्त्यानं आपला हिरा नेला. जाताना हसत गेला (हे लिहिणारा त्या दिवशी राइडला आलाच नव्हता). आणि शंभरातल्या नव्वद जणांचं एकच वाक्य: चांगला रायडर होता. होताच. पंक्चर काढायला सगळ्यांच्या आधी तो बसायचा. लडाखच्या राइडला माझी येझदी बंद पडली तर दोन दिवस माझ्याबरोबर थांबला होता. त्याच्याइतका भला पोरगा ग्रुपमध्ये नव्हता, आणि म्हणूनच तो प्रश्न कुणाला विचारता येईना. किती वेगात होता? विचारणाऱ्याकडे असं बघतात, जणू त्यानं तेराव्याच्या पंगतीत मटण मागितलं.

इतर वेळी आम्हाला चौकशीचा केवढा सोस. 2025 च्या जूनमध्ये अहमदाबादला विमान पडलं, तर महिनाभरात टपरीवरचा चहावालाही इंधनाच्या स्विचवर बोलायला लागला. ब्लॅक बॉक्स सापडला का, कुठं उघडणार, वैमानिक काय म्हणाला, सगळं हवं होतं. अर्थात ते विमान दुसऱ्याचं होतं.

आणि असंही नाही की रायडर लोकांना जाब विचारता येत नाही. 2017 च्या जुलैत मुंबईची एक रायडर जव्हारकडच्या रस्त्यावर पाण्यानं भरलेल्या खड्ड्यात पडून ट्रकच्या चाकाखाली गेली, आणि ठपका तिच्यावरच आला, की हयगयीनं चालवत होती. तेव्हा आम्ही पेटलो होतो आणि बरोबर पेटलो होतो. खड्डा किती लांब, किती खोल, कंत्राटदार कोण, शेवटचं डांबर कधी पडलं, एकेक गोष्ट मोजून मागत होतो. मुंबईत दादाराव बिल्होरे यांचा मुलगा 2015 साली असाच एका खड्ड्यानं गेला. त्यांनी सलाम्या दिल्या नाहीत, घमेलं उचललं आणि शहरभर खड्डे बुजवत फिरले. रस्त्यानं माणूस मारला की कारण सांगायला आमची वाचा फुटते. त्याच 2022 साली खड्ड्यांनी 1,856 बळी घेतले, हा आकडा ग्रुपातल्या कुणालाही झोपेतून उठवून विचारा. वेगाचा आकडा एक लाख एकोणीस हजारांच्या वर आहे. तो पाठ असलेला मला अजून भेटायचाय.

आता कॅमेऱ्याकडे येतो.

त्याच्या मागे जी मुलगी होती तिच्या हेल्मेटवर कॅमेरा होता. चोवीस वर्षांची, वर्षभरापूर्वी ग्रुपमध्ये आलेली, मला काका म्हणणारी. चित्रात कोपऱ्यात तिचा वेग दिसतो: 78. म्हणजे सेकंदाला जवळपास बावीस मीटर, दोन एसट्या एकामागं एक उभ्या केल्या तर होईल एवढी लांबी. आणि तो तिला सहज मागे टाकून गेला. पुढचे चार सेकंद मी एकदाच पाहिले. परत पाहणार नाही.

तिसऱ्या दिवशी एका हॉटेलात बैठक बसली. अजेंडा दोन विषयांचा: त्याच्या स्मृतीचा स्टिकर आणि कॅमेऱ्यातलं कार्ड. स्टिकरवर पाऊण तास गेला. पंख असावेत की नसावेत, ब्लडग्रुप लिहावा का, पांढऱ्यावर काळं की काळ्यावर पांढरं. कार्डाला पाच मिनिटं लागली. अ‍ॅडमिन म्हणाला, “डिलीट करून टाक गं. त्याची इज्जत आहे.” दुसरा म्हणाला, “फॅमिलीचा विचार कर.” तिनं विचारलं, “कुणाच्या?” कुणाला कळलं नाही. तिनं टेम्पोवाल्याचं नाव घेतलं. ते बाराजणांच्या त्या टेबलावर एकालाही माहीत नव्हतं.

टेम्पोवाल्यावर गुन्हा दाखल झाला होता. भारतीय न्याय संहितेचं कलम 106, निष्काळजीपणानं मृत्यूला कारण. जुन्या कायद्यात याला दोन वर्षं होती, 2024 च्या जुलैपासून पाच. आपल्याकडे एक अलिखित नियम आहे, दोन गाड्यांत चूक मोठ्या गाडीची. ट्रक आणि टेम्पो असेल तर ट्रकची, टेम्पो आणि मोटारसायकल असेल तर टेम्पोची, मोटारसायकल आणि सायकल असेल तर आमची. तो शेवटचा प्रसंग आला की हा नियम किती अन्यायाचा आहे हे आम्ही फार पोटतिडकीनं सांगतो.

ग्रुपमध्ये एक वकील आहे. तो बोलला तेव्हा मात्र मी गप्प बसलो, कारण तो खरं बोलत होता. मालक-चालकाचा पंधरा लाखांचा अपघात विमा मिळेल, तो चूक कुणाची हे विचारत नाही. पण टेम्पोच्या विमा कंपनीकडून मोठी भरपाई मागायची तर टेम्पोची चूक दाखवावी लागते. हे चित्रीकरण पुढं आलं की तो दावा कापला तरी जाईल, नाही तर गेलाच. गेलेल्या पोराची बायको सव्वीस वर्षांची आहे. मुलगी दोन वर्षांची.

हा मुद्दा हलका नाही, आणि तो हलका करून सांगणाऱ्या कुणावरही माझा विश्वास नाही. पण मला सारखी ती बंद बाटली दिसत होती. पैसे कमी पडणार असतील तर एकेचाळीस गाड्या आहेत. त्यांतल्या निम्म्यांच्या नुसत्या सायलेन्सरच्या किमतीत एका पोरीचं शिक्षण होईल. हे मी बोललो. ताबडतोब ठराव झाला, की निधी उभारावा. निधीची समिती झाली. समितीची अजून बैठक व्हायचीय.

मुलीनं डिलीट केलं नाही. ती एकटी गेली आणि कार्ड पोलिसांकडे जमा करून आली. तिथल्या साहेबांनी तिला बसवलं, पाणी दिलं आणि खरोखरच काही न कळून विचारलं, “मॅडम, तुम्ही मयताच्याच बाजूच्या ना? मग हे कशाला देताय?” ती मला फोनवर हे सांगताना हसत होती. मग हसायची थांबली.

त्याच रात्री अ‍ॅडमिननं तिला ग्रुपमधून काढलं. आमच्या जॅकेटच्या पाठीवर ‘वन फॅमिली’ असं भरतकाम केलेलं आहे. तिचं जॅकेट कुणी परत मागितलं नाही, एवढा मोठेपणा दाखवला. मीही ग्रुप सोडलेला नाही, हेही इथं लिहून टाकतो. ग्रुप सोडला की रविवारी सकाळी काय करायचं, हे चौपन्नाव्या वर्षी सुचत नाही.

महिन्यानं स्मृती-राइड झाली. दोन फळ्या, डोक्याला डोकं लावून, चांदणी चौकापासून त्या वळणापर्यंत. वेग ताशी 40. कुणी ओव्हरटेक केलं नाही, कुणी लाइन सोडली नाही, मागून येणाऱ्या एसटीला हात करून वाट दिली. म्हणजे येतं आम्हाला. वळणावर हार घातला, स्टिकर चिकटवला (पंखांसह), दोन मिनिटं उभे राहिलो. आणि परत फिरलो. मुळशीचं पाणी दिसेपर्यंत फळ्या टिकल्या. तिथून पुढं मला एकही गाडी दिसली नाही. पौडला पोचलो तेव्हा सगळ्यांची मिसळ खाऊन झाली होती.

येताना वाटेत पोलिसांच्या आवारापाशी क्षणभर थांबलो. मुद्देमाल म्हणून दोघं शेजारी-शेजारी उभे आहेत, त्याची मोटारसायकल आणि तो टेम्पो. टेम्पोला काच नाही, हौद्यात पावसाचं पाणी साचलेलं. क्रेट कुणीतरी नीट रचून आत ठेवले होते. टेम्पोवाला जामिनावर सुटलाय असं कळलं. गाडी मिळालेली नाही, त्यामुळे दुसऱ्याच्या शेतावर मजुरीला जातो.

काल रात्री पुढच्या राइडचा निरोप आला. अपघातातून धडा घेऊन कमिटीनं सुरक्षेचे नियम कडक केलेत, असं वर ठळक अक्षरांत आहे. मी चष्मा लावून वाचलं. रविवार, ताम्हिणी, पहाटे पाच, चांदणी चौक. टाकी भरून यावी. उशिरा येणाऱ्यासाठी थांबणार नाही. हेल्मेटवर कॅमेरा लावून येणाऱ्यास राइडमध्ये घेतलं जाणार नाही.