नोकरी गेल्यावर उरतो तो मास्तर

बी.एड.ला एक विषय असतो, 'स्व'ची ओळख. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने २०१४ च्या नियमावलीत हा अभ्यासक्रम दोन वर्षांचा केला, तेव्हा हा विषय त्यात घातला. हेतू चांगला आहे. वर्गात पाऊल टाकण्याआधी शिक्षकाने स्वतःला विचारायलाच हवं की मी इथे का आलो आणि कशासाठी अडून बसेन. पण त्याची फाईल होते, फाईलवर सही होते, सहीला गुण मिळतात आणि विषय संपतो. गुण देऊन मूल्यं कळत नाहीत. ती कशी कळतात हे पाहायचं असेल तर धारवाडला जावं.

एकोणिसाव्या शतकात धारवाड मुंबई इलाख्यात होतं आणि तिथल्या सरकारी शाळांत मराठी चालायची. घरी कन्नड बोलणारं पोर शाळेत मराठीतून धडे घोकायचं. आपण मराठी माणसं मातृभाषेतून शिक्षणाबद्दल तावातावाने बोलतो, म्हणून हा इतिहास आपल्याला ठाऊक हवा: तिथे लादली जाणारी भाषा आपली होती. शिक्षण खात्यातल्या चन्नबसप्पांना हे मान्य नव्हतं. पुढे ते 'डेप्युटी चन्नबसप्पा' म्हणून ओळखले गेले. शिक्षक तयार करणारी धारवाडची शाळा त्यांच्या हाती आली, तेव्हा त्यांनी कन्नडमधून शिकवू शकणारे मास्तर घडवले, कन्नड शाळा उघडायला लावल्या. शिकवायला पुस्तकं नाहीत म्हटल्यावर स्वतः लिहायला बसले, शेक्सपिअरचं नाटकही कन्नडमध्ये आणलं. १८८१ साली ते गेले. पगार ज्या खात्याचा, त्याच खात्याच्या रिवाजाविरुद्ध मुलाच्या बाजूने उभं राहायचं, हे त्यांचं मूल्य. ते कुठल्याही फाईलीत लिहिलेलं नव्हतं, पण त्यांच्या हाताखालून गेलेल्या प्रत्येक मास्तराला ते दिसत होतं.

दुसरं नाव दत्तात्रेय रामचंद्र बेंद्रे. घरी मराठी. शिक्षण पुण्याच्या फर्ग्युसनमध्ये. १९१८ साली पदवी घेऊन हे गृहस्थ धारवाडला परतले आणि व्हिक्टोरिया हायस्कूलमध्ये शिकवू लागले. कविता मात्र गल्लीबोळातल्या धारवाडी कन्नडमध्ये लिहायचे. १९३२ मध्ये 'नरबली' या कवितेवरून इंग्रज सरकारने त्यांना पकडलं. हिंडलग्याचा तुरुंग झाला, मग धारवाडजवळच्या मुगद गावी स्थानबद्धता. पुढची कितीतरी वर्षं पक्की नोकरी नव्हती. १९४४ साली सोलापूरच्या डी.ए.व्ही. कॉलेजने त्यांना कन्नड शिकवायला बोलावलं. मराठी मुलखात बारा वर्षं त्यांनी कन्नड शिकवलं. 'नाकु तंती' या संग्रहासाठी ज्ञानपीठ मिळालं ते फार नंतर, १९७३ साली.

ज्ञानपीठाचं कौतुक सगळे करतात. मला पक्की नोकरी नसलेल्या त्या वर्षांचं मोल जास्त वाटतं. त्यांच्या नावापुढे हुद्दा नव्हता, हातात खडू नव्हता, तरी धारवाडची तरुण पोरं त्यांच्याभोवती जमत. कन्नड कवी विनायक कृष्ण गोकाक शिकले धारवाडच्या कर्नाटक कॉलेजात, तिथे बेंद्रे त्यांचे प्राध्यापक नव्हते. पण गोकाकांनी गुरू मानलं ते बेंद्र्यांना. हजेरीपटाबाहेरही ज्याच्याकडे शिकायला माणसं येतात, त्याला स्वतःची व्यावसायिक ओळख शोधण्यासाठी कार्यशाळा लागत नाही.

आता आजचं बघा. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात कर्नाटकात सामाजिक-शैक्षणिक सर्वेक्षण झालं. हुबळी-धारवाडसकट राज्यभरातले मास्तर आणि बाई मोबाइल घेऊन दारोदार फिरले. काम पुरं होईना म्हणून शाळांची दसऱ्याची सुट्टी १८ ऑक्टोबरपर्यंत वाढवली. सर्वेक्षण हवं, मागे पडलेल्यांची मोजदाद झालीच पाहिजे. पण शिक्षण हक्क कायद्याचं २७ वं कलम शिक्षकाला शिकवण्याव्यतिरिक्त फक्त जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक एवढ्याच कामांना लावू देतं. राज्याचं सर्वेक्षण त्या यादीत मला तरी सापडत नाही. पालकाला बाई दारात दिसतात त्या प्रश्नावली भरताना, आणि इकडे प्रशिक्षणात त्यांना विचारतात, शिक्षक म्हणून तुमची ओळख काय? सरकारने आधी त्यांना वर्गात राहू द्यावं. मग हा प्रश्न विचारण्याचा हक्क सांगावा.

आणि शिक्षकांनाही एक सांगायचंय. आदेश आला म्हणून फिरलो, हे उत्तर नोकरीपुरतं चालतं. चन्नबसप्पाही नोकरदारच होते.

धारवाडच्या बी.एड. कॉलेजांनी 'स्व'च्या ओळखीची ही फाईल बंद करावी, असं माझं स्पष्ट मत आहे. त्याऐवजी सराव पाठाला जाणाऱ्या प्रत्येकाकडून एकच काम करून घ्यावं. हुबळीच्या वस्त्यांतून कन्नड शाळेत येणारी कितीतरी मुलं घरी उर्दू, लमाणी, तेलुगू नाहीतर मराठी बोलतात. आपल्या वर्गातलं कोणतं मूल घरी काय बोलतं, हे पहिल्या आठवड्यात त्याच्या आईशी बोलून समजून घ्यावं. मग त्या मुलाला कळेल असा कन्नडचा एक धडा स्वतः रचून शिकवावा. जमला नाही तर का जमला नाही, ते प्राध्यापकांसमोर तोंडी सांगावं. गुण देऊ नयेत. पुढच्या आठवड्यात त्याच मुलासाठी दुसरा धडा रचायला सांगावं.