धूर कुठे जातो?

मालवण, तारकर्ली, देवबाग. होम-स्टेचं स्वयंपाकघर नवं केलं की तीन गोष्टी हमखास दिसतात: काळ्या ग्रॅनाइटचा ओटा, काचेची शेगडी आणि तिच्यावर चकचकीत चिमणी. मालक कौतुकाने दाखवतात, आपणही मान डोलावतो. मग एकच साधा प्रश्न विचारावा. हिचा पाइप कुठे निघतो?

उत्तर बहुतेक वेळा छताकडे बोट दाखवून येतं.

छत म्हणजे बाहेर नव्हे. पीओपीच्या वर पोकळी असते, तिच्यात पाइप सोडून दिलेला असतो. "पाइप वर सोडलंय, दिसूचो नाय," असं बसवणारा सांगतो. दिसत नाही, हे खरं. पण बांगड्याच्या तळणाचं तेल त्या पोकळीत साचत जातं आणि दिव्यांच्या वायरीही त्याच पोकळीतून गेलेल्या असतात. तेलाचा थर आणि वायरींचे जोड एकाच बंद जागेत. ही सजावट झाली की चूड रचून ठेवली?

चिमणीचं काम धूर ओढणं नाही. धूर घराबाहेर नेणं हे आहे.

दुकानात मात्र सगळा सौदा ओढण्याच्या एका आकड्यावर होतो. ताशी १२०० घनमीटर! दहा बाय दहाचं, दहा फूट उंचीचं स्वयंपाकघर घ्या. त्यात साधारण २८ घनमीटर हवा मावते. म्हणजे दीड मिनिटात खोलीतली सगळी हवा बाहेर. पण बाहेर जायला वाट किती रुंद आहे, हे खोक्यावर कसं छापणार? ती वाट तुमच्या घरात तयार होते.

आणि तिथेच घोळ होतो.

चिमणीचं तोंड सहा इंची. भिंतीतलं भोक चार इंची, कारण कोअर कटिंगवाल्याकडे त्या दिवशी तेवढंच बिट होतं. मग मध्ये जोड बसवतात. दोनच इंच कमी, असं वाटतं ना? गोल पाइपची वाट व्यासाच्या वर्गाने मोजतात: ३६ला १६. निम्म्याहून जास्त वाट बंद झाली. ओढ घटली, घरघर वाढली, आणि मालकाला वाटतं मशीन जोरात चालतंय.

सोबत येणारा घडीचा लवचिक पाइप हा दुसरा शत्रू. तो पुरता ताणत नाहीत, कापत नाहीत, कपाटामागे नागमोडी कोंबतात. प्रत्येक घडीत हवा अडते, तेल साचतं. असा पाइप वर्षभराने उतरवून आत बोट फिरवा. पिवळट, चिकट राळेसारखा थर नखाखाली येतो. 'ऑटो क्लीन'चं बटण तिथवर पोचत नाही. ते पंख्यापुरतं.

पीव्हीसीचा पाइप स्वस्त पडतो, दिसायलाही सरळसोट. उष्णतेने तो मऊ पडतो आणि आगीत कोसळतो. कोसळणार कुठे? खाली शेगडी, शेजारी माणूस.

नीट काम काही अवघड नाही. चिमणी शेगडीपासून दोन ते अडीच फुटांवर, नक्की उंची कंपनीच्या पुस्तिकेत असते, ती वाचायची. रुंदी शेगडीपेक्षा कमी नको. सहा इंची, आतून गुळगुळीत, धातूचा पाइप. सगळ्यात जवळच्या बाहेरच्या भिंतीतून, शक्यतो एकाच वळणात बाहेर. बाहेरच्या बाजूला किंचित उतार, म्हणजे पाणी आत येत नाही. वीज तीन पिनच्या, अर्थिंग असलेल्या स्वतंत्र पॉइंटवरून, एक्स्टेन्शन बोर्डवरून नव्हे. झालं.

मग होत का नाही? कारण शेगडीची जागा आधी ठरते आणि पाइपची आठवण टाइल्स लागल्यावर येते. आग्नेय कोपरा कुठला, हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक असतं. बाहेरची भिंत कुठली, हे कोणी विचारत नाही.

जुन्या घरांत हा प्रश्नच नव्हता. मंगलोरी कौलांच्या फटींतून चुलीचा धूर हळूहळू निघून जायचा, वासे काळे व्हायचे. घरातल्या बाईच्या डोळ्यांचं काय व्हायचं, ते वेगळं. मग स्लॅब आला, फटी गेल्या, खिडक्यांना काचा लागल्या. घर बंद झालं आणि धूर आत राहिला.

ज्यांनी कौलं ठेवली, त्यांच्यातले काही जण पाइप थेट माळ्यावर सोडतात. तिथे सुक्या लाकडाचे वासे, रिपा, त्यावर नारळाच्या सोडणांचा ढीग. तेलकट वाफ रोज त्याच्यावर बसते. पाहुण्यांसाठी झापांचा मांडव घातला असेल तर कधीकधी पाइपचं तोंड नेमकं त्या मांडवाखाली उघडतं. सुकलेलं झाप किती भसकन पेटतं, हे किनाऱ्यावर कोणाला शिकवायला हवं?

आता समुद्राकडे वळू. मुंबई-पुण्याच्या सोसायटीत चालणारी जोडणी इथे तशीच चालत नाही. जून ते सप्टेंबर वारा नैर्ऋत्येकडून येतो आणि पाऊस आडवा मारतो. पाइपचं तोंड समुद्राकडे असेल तर वारा तोंडावरची झडप उघडून आत घुसतो. धूर परत फिरतो, पावसाचं पाणी पाइपातून थेट शेगडीवर. मे २०२१मध्ये तौक्ते वादळाने इथली कौलं नि पत्रे उडवले. तिथे पातळ पत्र्याच्या झडपेची काय कथा?

तोंड पूर्वेला किंवा उत्तरेला, वाऱ्याच्या आडोशाला काढा. नाइलाजाने पश्चिमेला काढायचं तर वरून टोपण आणि तोंड जमिनीकडे.

खारी हवा आणखी वेगळी. जस्ताचा पत्रा गंजतो, झडपेची बिजागरी धरते, पातळ ॲल्युमिनियमला बारीक भोकं पडतात. 'एसएस आहे, काय होत नाही,' असं सांगणाऱ्याला ग्रेड विचारा. ३०४वरही समुद्रकाठी तांबूस ठिपके येतात. ३१६ जास्त टिकतो. महाग आहे, हो. पण बाहेर राहतो तो फूटभर तुकडा आणि एक झडप. तिथेच कंजुषी कशाला?

जून-जुलैत मासेमारी बंद, पर्यटक कमी, स्वयंपाकघर थंड. त्या दोन महिन्यांत कुंभारमाशी पाइपच्या तोंडाशी मातीचं घर बांधून मोकळी होते. हंगामाच्या पहिल्या दिवशी चिमणी गुरगुरते आणि धूर घरभर. शिडी लावून आधी एकदा तोंड बघायला किती वेळ लागतो? आणि कीटक नकोत म्हणून डासांची बारीक जाळी लावू नका. ती तेलाने बुजते. मोठ्या चौकोनांची जाळी लावा आणि ती काढून धुता आली पाहिजे.

सगळ्यात राग येतो तो पुढच्या प्रकाराचा. 'चुलीवरचं जेवण' ही पाटी आता गावोगाव लागली आहे. पाहुण्यांना आवडतं, मिळकत होते, चांगलं आहे. पण त्या चुलीवर विजेची चिमणी टांगतात! लाकडाच्या ठिणग्या वर जातात, वर फिल्टरला तेल लागलेलं असतं. चुलीला तिचं वेगळं, विटांचं किंवा जाड पत्र्याचं धुराडं हवं. गॅसवरच्या चिमणीच्या पाइपमध्ये तर ते जोडूच नका.

पाहुणा समुद्राकडे तोंड करून बसतो. वडे तळणारी बाई भिंतीकडे तोंड करून उभी असते.

मे महिन्यात, दिवाळीत, नाताळात ती तासन् तास कढईपाशी असते. कोंबडी-वडे, बांगडा, सुरमई, पुन्हा वडे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१०मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात कडक तापलेल्या तेलातल्या तळणाचा धूर 'माणसात बहुधा कर्करोगकारक' अशा गटात, २अ मध्ये, ठेवला. घरातल्या लाकडाचा धूरही त्याच गटात आहे. घरातल्या इंधनाच्या धुराने २०२०मध्ये जगभरात ३२ लाख माणसं दगावली, असा संघटनेचा अंदाज आहे. गॅस आला म्हणजे धुराचा प्रश्न सुटला, असं आपण धरून चाललो. चुलीचा सुटला. तेलाचा कुठे सुटला?

त्या बाईला कोणी विचारलं का, चिमणी नीट ओढते का म्हणून? तिला डोळ्यांनी कळतं. दुपारी चारला तिचे डोळे चुरचुरत असतील तर चिमणी नापास.

पाइप न लागणारी, कोळशाच्या फिल्टरची चिमणीही विकली जाते. ती तेल थोडं गाळते, वास थोडा मारते आणि हवा परत खोलीत सोडते. उष्णता, वाफ, ज्वलनातले वायू तिथेच. मुंबईच्या फ्लॅटमध्ये दोन माणसांच्या वरणभाताला चालून जाईल. मालवणी मसाल्याच्या फोडणीला नाही.

आता जिथे जीव जातो तिथे येऊ.

चिमणी हवा बाहेर फेकते, तेवढीच हवा आत यायला हवी. एसी लावला म्हणून खिडक्या बंद, माश्या नकोत म्हणून दार बंद. मग हवा येणार कुठून? जिथून वाट मिळेल तिथून. शेजारच्या बाथरूममध्ये गॅस गिझर असेल तर त्याचा जळका वायू, जो बाहेर जायचा, तो चिमणी आत ओढून घेते. त्यात कार्बन मोनॉक्साइड असू शकतो. त्याला रंग नाही, वास नाही. माणसाला आधी झोप येते, डोकं जड होतं. थकवा असेल म्हणून तो बसून राहतो.

गॅस गिझरने अंघोळीला गेलेलं माणूस दगावल्याच्या बातम्या आपण वाचतो आणि पान उलटतो. आपल्याच होम-स्टेत खोल्यांना गॅस गिझर आहे, हे तेव्हा आठवत नाही का? गिझर बाथरूमच्या बाहेर, उघड्या हवेत लावा. चिमणी चालू असताना स्वयंपाकघराची एक खिडकी उघडी ठेवा. उघडी म्हणजे उघडी, बोटभर फट नव्हे.

परीक्षा घ्यायची तर अगरबत्ती पुरे. चिमणी पूर्ण वेगावर ठेवा, खिडक्या-दारं रोज असतात तशी ठेवा आणि अगरबत्ती गिझरच्या खोलीच्या दाराच्या फटीशी धरा. धूर तिथून स्वयंपाकघराकडे खेचला जात असेल तर त्या दिवसापासून ती मांडणी बदला.

तेल पेटलं तर? गॅस बंद, चिमणी बंद, कढईवर झाकण. पाणी अजिबात नाही. पेटत्या तेलावर पाणी टाकलं की क्षणात वाफ होते आणि जळतं तेल चिमणीपर्यंत उसळतं. तिथे महिनोन् महिने न धुतलेला फिल्टर असेल तर आग पाइपमध्ये शिरते. म्हणून हंगामात तळणाच्या स्वयंपाकघरात फिल्टर दर आठवड्याला गरम पाणी आणि सोड्याने धुवा, घरगुती वापरात महिन्याला. कोणता सण, कोणते पाहुणे, हे कारण चालायचं नाही.

६ डिसेंबर २०२५च्या रात्री शेजारच्या गोव्यात, हडफडे इथल्या नाइट क्लबला आग लागली. २५ जण गेले. ती आग चिमणीची नव्हती. पण गेलेल्यांत बहुतेक तिथलेच कर्मचारी होते, आणि अनेक जण स्वयंपाकघराच्या बाजूला अडकून गुदमरले. धुराला वाट नव्हती, माणसालाही नव्हती. आपल्या किती खानावळींच्या स्वयंपाकघरांना दुसरं दार आहे? असलंच तर त्याच्यापुढे सिलिंडर आणि थंड पेयांचे क्रेट किती ठिकाणी नाहीत?

महाराष्ट्रात आग प्रतिबंधाचा २००६चा कायदा आहे. तो ज्यांना लागू होतो त्यांनी वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये, आगीविरुद्धची यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र द्यायचं असतं. चार खोल्यांच्या घराच्या दारात कायदा येईल न येईल. तेल मात्र हॉटेलासारखंच पेटतं. १९९७मध्ये सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा झाला. घरं हॉटेलं झाली, स्वयंपाकघरं घरगुतीच राहिली.

शेवटचं सांगतो, आणि हे घरातल्या प्रत्येकाला सांगा. गॅसचा वास आला की अनेकांचा हात आधी चिमणीच्या बटणाकडे जातो. तो आवरा. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळलेला गॅस जमिनीलगत पसरतो. वर टांगलेली चिमणी तो नीट ओढत नाही, आणि बटणाची एक ठिणगी पुरते. कुठलंही बटण दाबू नका, चालू असलेलं बंदही करू नका. रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, सगळ्यांना बाहेर काढा आणि मोबाइलही बाहेर गेल्यावरच वापरा.

गॅसगळतीच्या तक्रारीचा नंबर १९०६. तो स्वयंपाकघरात लिहू नका. अंगणात, तुळशीपाशी उभं राहून वाचता येईल असा बाहेरच्या भिंतीवर लिहा.