मालकांची पगारवाढ

चारकोपच्या म्हाडा वसाहतीत घरोघरी सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट असतं: ५० रुपयांचे १० शेअर, कपाटात प्लास्टिकच्या पिशवीत. तेवढ्या बळावर आई सभेत पार्किंगवरून चेअरमनला धारेवर धरते.

तिच्या पोराला कंपनीने ईसॉप दिलेत, म्हणजे ठरलेल्या भावात कंपनीचे शेअर घ्यायचा हक्क. पगारवाढ मागितली तर साहेब म्हणाले, "अरे, तू आता मालक!" मालकाने कायद्याने निदान वर्षभर थांबायचं, बहुतेक ठिकाणी चार वर्षं. मध्येच सोडलं तर उरलेले गेले. घेतले, तर ठरलेला भाव आणि बाजारभाव यांच्यातल्या फरकावर पगारासारखा टॅक्स. आणि कंपनी लिस्टेड नसेल तर विकायचे कोणाला? वाण्याला?

इन्फोसिसच्या १९९४च्या ईसॉपचं उदाहरण एचआरला तोंडपाठ असतं. बुडालेल्या कंपन्यांबद्दल विचारलं, की चहा मागवतात.